'फील'चं मराठी करताना: भाषांतरात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या पगारी कामात मी लिहिलं होतं, 'पायातील भावना कमी होणे'. डायबेटीसच्या पेशंटना द्यायचं पत्रक होतं, मूळ इंग्रजीत 'लॉस ऑफ फीलिंग इन द फीट' होतं, आणि फीलिंग म्हणजे भावना हे मला आठवीपासून पाठ. रिव्ह्यूला ज्या मॅडम होत्या त्यांचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या बसमध्ये दांडा धरून उभा होतो. "अरे, पायाला कसल्या रे भावना? प्रेमात पडलाय का पाय?" एवढंच बोलल्या आणि ठेवला फोन.

मी मग 'संवेदना' करून पाठवलं, ते पासही झालं, आणि मला वाटलं जमलं. पुढे दोनेक वर्षांनी बाबांना शुगरसाठी पायाच्या तपासणीला घेऊन गेलो. तिथे सिस्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू घेतला, तो वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात, बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो त्याने, आणि म्हणाल्या, "काका, डोळे मिटा, लागलं की हो म्हणायचं." मग १२८ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, तो टण्‌कन वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, "थरथर लागतेय का? थांबली की सांगा." भिंतीवरच्या तक्त्यावर 'संवेदना' होतं, माझ्या पत्रकात 'संवेदना' होतं, आणि सिस्टरांनी अख्ख्या तपासणीत तो शब्द एकदाही वापरला नाही. त्यांना 'लागलं' पुरलं. बाबांना लगेच कळलं.

तर हे त्या दिवसापासून जमवलेलं आहे. सबटायटल, अ‍ॅप, फॉर्म, जाहिराती, काहीही करत असाल तरी फील तुम्हाला रोज भेटणार, म्हणून इथूनच सुरुवात करा.

पायरी १: मराठी शब्द नंतर, आधी फीलच्या पुढे काय आलंय ते बघा

फील हा शब्द जुना आहे, जुन्या इंग्रजीत फेलन, जर्मनमधलं फ्यूलन त्याचं भावंड, आणि तेव्हापासून त्याचा एक पाय हाताने चाचपण्यात आहे. मग हातावरून तो अंगभर गेला, अंगावरून मनात, मनातून मतात, आणि गंमत म्हणजे पुढच्या घरात राहायला जाताना त्याने मागचं एकही घर सोडलं नाही. म्हणून एकच शब्द साडीच्या दुकानातही आणि घटस्फोटाच्या सीनमध्येही.

पण इंग्रजी खूण सोडतं. फीलच्या पुढे सरळ वस्तू आली, 'फील द क्लॉथ', तर हात लावायचा आहे. विशेषण आलं, 'फील टायर्ड', तर अंगाची किंवा मनाची अवस्था आहे. 'दॅट' आलं, किंवा दॅट गाळून अख्खं वाक्य आलं, तर ते मत आहे, भावनेशी त्याचा फारसा संबंध नाही, मीटिंगमधला माणूस जेव्हा 'आय फील वी शुड वेट' म्हणतो तेव्हा तो काहीही फील करत नसतो. 'फॉर' आलं तर दुसऱ्याबद्दल जीव हळहळतोय. आणि 'लाइक' आलं तर थांबा, कारण तिथे दोन वाटा फुटतात: 'आय फील लाइक अ फूल' म्हणजे मूर्ख ठरल्यासारखं झालंय, आणि 'आय फील लाइक अ कप ऑफ टी' म्हणजे चहाची तल्लफ आलीय. दुसऱ्याचं 'मला चहाच्या कपासारखे वाटते' असं छापलेलं मी स्वतः बघितलंय, मशीनने केलेलं आणि माणसाने न वाचता पुढे ढकललेलं.

अजून एक, कर्ता कोण तेही बघा. 'द वॉटर फील्स कोल्ड' मध्ये पाण्याला काही वाटत नाहीये, वाटतंय ते बोलणाऱ्याला आणि तो वाक्यात कुठेच नाही. मराठीत हे सोपं पडतं, त्यावर पुढे येतो.

पायरी २: 'आय' दिसला की 'मला' करा, आणि क्रियापद शोधायला जाऊ नका

इंग्रजीत माणूस फील करतो. मराठीत माणूस बसलेला असतो आणि त्याच्याकडे गोष्टी येतात, लागतात, होतात, वाटतात. मला राग येतो, मला भूक लागते, मला आनंद होतो, मला भीती वाटते, मला थंडी वाजते. पाचही वाक्यांत इंग्रजीला एकटं 'फील' पुरतं. म्हणून आधी नाम धरायचं, राग का भूक का भीती, क्रियापद त्याच्या पाठोपाठ आपोआप येतं, तुम्ही मराठी बोलत मोठे झालेले आहात, ते तुमच्याकडे आहेच. घोळ होतो तो इंग्रजीकडे बघत टाइप केल्यामुळे, मग 'मला राग वाटत आहे', 'मला भूक जाणवते' असली माणसं सबटायटलमध्ये फिरायला लागतात.

कुठलं नाम कुठल्या क्रियापदाबरोबर याचा पक्का नियम मला सापडलेला नाही, पण एक कामचलाऊ अंदाज आहे. 'येणारे' पाहुण्यासारखे, आले तसे जातात: राग, कंटाळा, झोप, शंका, आठवण, दया, किळस. 'लागणारे' चिकटतात, काहीतरी केल्याशिवाय सुटत नाहीत: भूक, तहान, धाप, ठसका, चटक, घोर, ओढ, हुरहूर. 'वाटणारे' जरा डोक्यातून जातात: लाज, कौतुक, हेवा, आश्चर्य, अभिमान. 'वाजणारी' फक्त थंडीच, तिचं काय ते देव जाणे.

शिवाय मराठीकडे सरळ रस्ताही आहे, मी चिडलो, मी घाबरलो, मी वैतागलो, मी खचलो. आता 'ही फेल्ट अँग्री' चं 'त्याला राग आला' करायचं की 'तो चिडला'? माझ्या कानाला राग आला म्हणजे आत आला, तो गिळून गप्पही बसू शकतो, आणि चिडला म्हणजे समोरच्याला दिसला. पात्र पडद्यावर गप्प खिडकीतून बघतंय आणि खाली 'तो चिडला' आलं तर चूक तुमची.

पायरी ३: 'वाटणं' जपून वापरा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. 'वाटणं' हे फीलच्या सगळ्यात जवळचं, म्हणून सगळ्यात धोक्याचं. अ‍ॅना वियेझबिट्स्का नावाच्या भाषातज्ज्ञ आहेत, मूळच्या पोलंडच्या, काम ऑस्ट्रेलियात, त्यांच्या मांडणीत जगातल्या सगळ्या भाषांना समान असलेल्या थोड्याशा मूळ अर्थांची यादी आहे, त्यात फील आहे आणि थिंक वेगळं आहे. मराठीत मात्र 'मला वाटतं' हे दोन्ही घरी हक्काने राहतं. 'मला वाटतं पाऊस येईल' यात विचार आहे, 'मला एकटं वाटतं' यात मन आहे, क्रियापद तेच.

मग फरक कुठे दिसतो? रूपात. मत असेल तर 'मला वाटतं, आपण निघावं'. इच्छा असेल तर 'मला निघावंसं वाटतंय'. हे जे 'आवंसं' आहे ना ते 'फील लाइक' चं अस्सल मराठी, आणि ते समोरच्या वस्तूचं लिंग धरतं: चहा घ्यावासा वाटतोय, कॉफी घ्यावीशी वाटतेय, सरबत घ्यावंसं वाटतंय. अ‍ॅपमध्ये 'तुम्हाला आज काय खावेसे वाटते' हे ठीक, पण पुढच्या रिकाम्या जागेत पदार्थाचं नाव आपोआप पडणार असेल तर डेव्हलपरला आधीच सांगून ठेवा की 'मिसळ खावासा' येऊ शकतं, आणि पुण्यात मिसळ पुल्लिंगी केलीत तर तुमचं काही खरं नाही. अशा ठिकाणी मी वाक्यच बदलतो, 'आज मिसळ?' एवढंच, काम होतं.

मग आजारपण. 'हाऊ आर यू फीलिंग?' पेशंटला विचारलंय तर 'आता कसं वाटतंय?', उत्तर 'बरं वाटतंय'. 'बरं', 'चांगलं' नाही. चांगलं वाटतं ते बातमी ऐकून, कुणी भेटायला आलं म्हणून, ताप उतरला की बरं वाटतं. 'आय डोन्ट फील वेल' म्हणजे 'मला बरं नाहीये', तिथे वाटणं सुद्धा नको. आणि 'आय फील बेटर' चं 'मला अधिक चांगले वाटत आहे' करणाऱ्याला मी एक कप चहा पाजून समजावून सांगतो, कारण मीही तेच करायचो.

वाटणं मिक्सरमध्येही असतं आणि पेढ्यांच्या पुड्यातही, हे विसरू नका. 'आईने चटणी वाटली, मला ती भाजी वाटली, मग ती शेजाऱ्यांना वाटली.' शेवटचं वाक्य मी मुद्दाम तसं ठेवलंय. शेजाऱ्यांना मिळाली की शेजाऱ्यांचाही माझ्यासारखाच गैरसमज झाला? वाचणारा अडखळतो तिथे क्रियापद बदला, 'दिली' म्हणा.

पायरी ४: अंगाचे शब्द घरातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा करा

मेडिकल फॉर्म येतात त्यात 'डू यू फील' ने सुरू होणारे पंचवीस प्रश्न असतात, आणि इथे मराठी इतकी श्रीमंत आहे की इंग्रजीच अपुरं पडतं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल वेदना-प्रश्नावली आहे, त्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत मांडलेत, पेशंटने आपला शब्द निवडायचा. ते शब्द एकेक करून डिक्शनरीतून मराठीत आणायला गेलात तर 'तीव्र वेदना, अतितीव्र वेदना, मध्यम वेदना' अशी सरकारी वेदना तयार होते. त्यापेक्षा घरातल्या कुणालाही विचारा, गुडघा नक्की कसा दुखतो?

माझ्या आत्याला विचारलं होतं, तिने अर्धा तास घेतला. कळ येते ती लाटेसारखी, येते आणि जाते, पोटात येते. ठणका लागतो दाढेला, रात्रभर, ठोके मोजल्यासारखा. सणक जाते कमरेतून खाली पायापर्यंत, विजेसारखी. चमक भरते वळताना, उसण भरते वाकून बादली उचलताना. गळू असेल तर ठसठसतं. खरचटलं की चुरचुरतं, तिखट हात डोळ्याला लागला की झोंबतं. मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, उन्हात फिरलं की डोळ्यांची आग होते. "आणि दुखणं म्हणजे नुसतं दुखणं, त्याचं काय सांगायचं," असं म्हणून ती उठली. त्यातलं 'मुंग्या' मी दुसऱ्याच दिवशी 'टिंगलिंग' साठी वापरलं, आधी तिथे 'झिणझिण्या' होतं, तेही चालतं, फक्त 'सुईटोचणीयुक्त संवेदना' चालत नाही, हो, हे होतं मूळ मसुद्यात.

एक मात्र, शब्द गावागणिक बदलतात. पत्रक पुण्यातल्या दवाखान्यापुरतं आहे की नांदेडपर्यंत जाणार ते विचारून घ्या, आणि शंका असेल तर दोन शब्द शेजारी द्या.

मनाचं आणि अंगाचं जिथे एक होतं तेही इथेच. अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो, घशात आवंढा येतो, छातीत धस्स होतं, डोळे भरून येतात. भरताच्या नाट्यशास्त्रात एकूण ४९ भाव मोजलेत, ८ स्थायी, ३३ संचारी आणि ८ सात्त्विक, आणि हे सात्त्विक म्हणजे रोमांच, घाम, कंप, अश्रू असे अंगावर दिसणारेच. म्हणजे काटा येणं ही भावना का शारीरिक हा वाद आपल्याकडे फार आधीच मिटवून टाकलाय. सबटायटलला याचा सरळ फायदा: 'शी फेल्ट डीप अँग्झायटी' साठी 'तिच्या पोटात गोळा आला' हे अक्षरांतही बसतं आणि सीनमध्येही. फक्त पोटदुखीच्या फॉर्मवर हे वाक्य टाकू नका.

पायरी ५: हाताने फील करायचं असेल तर एकदा बाजारात जाऊन या

लक्ष्मी रोडला कुठल्याही साडीच्या दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहा. बायका पदर चिमटीत धरतात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात, डोळे भलतीकडेच असतात, आणि मग निकाल येतो: हाताला भरड लागतंय. सुळसुळीत आहे, नेसल्यावर राहणार नाही. अंगाला टोचेल. यात फीलचं नाम म्हणजे 'पोत', आणि फीलचं क्रियापद म्हणजे 'लागणं'. पाणी गार लागतं, गादी कडक लागते, ऊन लागतं, कैरी आंबट लागते. चवीला आणि स्पर्शाला मराठीने एकाच क्रियापदावर बसवलंय, त्यामुळे 'द फॅब्रिक फील्स सॉफ्ट' चं 'कापड मऊ वाटते' करण्यापेक्षा 'हाताला मऊ लागतं' करा, फरक लगेच जाणवेल. आणि बाबांच्या तळव्याला तो तंतू 'लागला' तो हाच.

मंडईत तेच, फक्त उलट बाजूने. तुम्ही पेरू दाबायला गेलात की 'दाबून नका बघू, मी देते ना चांगला' असं ऐकू येतं. 'फील द फ्रूट' चं मराठी तिथे 'दाबून बघणं'. अंधारात स्विच 'चाचपडतात', खिशात पाकीट आहे ना ते 'चाचपतात', ताप आहे का ते कपाळाला 'हात लावून बघतात'. एकाही ठिकाणी 'स्पर्श करणे' लागत नाही, ते कवितेला राहू द्या.

पायरी ६: 'फीलिंग्स' म्हणजे भावना, पण कधीकधीच

'ही हर्ट माय फीलिंग्स' चं 'त्याने माझ्या भावना दुखावल्या' हे व्याकरणाने बरोबर आणि कानाला पूर्ण चूक. आपल्याकडे आता भावना समाजाच्या दुखावतात, गर्दीच्या दुखावतात, आणि पोलीस स्टेशनला अर्ज जातो. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५अ हे १९२७ साली भारतीय दंड संहितेत आलं, इंग्रजी मजकुरात शब्द 'रिलिजस फीलिंग्स'च आहे, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते कलम २९९ म्हणून आहे. पेपरांनी तो शब्द इतका वापरला की नवरा बायकोला 'माझ्या भावना दुखावल्यास तू' म्हणाला तर ती म्हणेल जा, केस कर. एकट्या माणसाचं मन दुखावतं, त्याला वाईट वाटतं, फारच झालं तर जिव्हारी लागतं.

'आय हॅव फीलिंग्स फॉर हर' म्हणजे ती आवडते, जीव जडलाय. 'मिक्स्ड फीलिंग्स' म्हणजे आनंदही होतोय आणि वाईटही वाटतंय, सरळ दोन वाक्यं करा. 'नो हार्ड फीलिंग्स' म्हणजे 'मनात काही ठेवू नकोस'. 'गट फीलिंग' म्हणजे 'आतून वाटतंय', आतडं अजिबात आणू नका.

आणि 'आय फील फॉर यू', हे माझं दुसरं प्रसिद्ध काम. नवरा गेलेल्या बाईला शेजारचा माणूस दारात उभा राहून हे म्हणतो, आणि मी खाली लिहिलं, 'माझ्या मनात तुझ्याबद्दल भावना आहेत'. तेराव्याच्या आत! क्लायंटने स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्दही नाही. आता असं आलं की मी 'तुमचं दुःख कळतं मला' करतो, कधीकधी नुसतं 'वाईट झालं हो', आणि पात्रं एकमेकांना अहोजाहो करतात की अरेतुरे ते आधी ठरवून घेतो, कारण इंग्रजीतला 'यू' ते सांगत नाही.

पायरी ७: अ‍ॅपवाली वाक्यं, पटापट

'फील फ्री टू आस्क': 'मोकळे वाटा' नाही, 'मोकळ्या मनाने विचारा' चालेल पण त्याला इस्त्रीचा वास येतो, 'बिनधास्त विचारा' किंवा 'काहीही विचारा' बरं. 'लुक अँड फील': 'रूपरंग', किंवा क्लायंट तरुण असेल तर 'लुक' ठेवा आणि फील सोडून द्या. हवामानाच्या अ‍ॅपमधलं 'फील्स लाइक ३७°': जागा असेल तर 'जाणवणारं तापमान', नसेल तर 'जाणवतं ३७°'. इथे एक बारीक गोष्ट, हा आकडा थर्मामीटरवरचा नसतो, तापमानात दमटपणा आणि वारा धरून काढतात, त्यातला उष्णता आणि दमटपणाचा हिशोब, ज्याला हीट इंडेक्स म्हणतात, तो संशोधक रॉबर्ट स्टेडमन यांच्या १९७९ च्या कामावरून आलाय. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी तो खऱ्या तापमानापेक्षा कमीही येऊ शकतो, कारण कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. त्यामुळे 'प्रत्यक्षात इतकं गरम' वगैरे लिहून मोकळे होऊ नका.

आणि 'फील' तसाच कधी ठेवायचा? कॉलेजची पोरं बोलतायत तेव्हा ठेवाच. 'पावसात सिंहगडावर कांदाभजी, काय फील येतो राव' याचं शुद्ध मराठी करून बघा, भजी थंड होतात. आपण तो शब्द घेताना त्याला पुल्लिंगी केलंय आणि 'येणं' जोडलंय, राग येतो कंटाळा येतो तसा फील येतो, म्हणजे तो आता आपल्या नियमाने राहतोय. जाहिरातीत मात्र 'अनुभवा शाही फील' दिसलं की मी हात जोडतो.

पायरी ८: पाठवण्याआधी शोध मारा

फाइल पूर्ण झाली की कंट्रोल-एफ करून तीन शब्द शोधायचे. पहिला 'जाणव', तो दर परिच्छेदात असेल तर तुम्ही प्रत्येक फीलला एकच गोळी दिलीय. दुसरा 'वाटले', कारण 'फेल्ट' हे फीलचं भूतकाळी रूप आहे तसं नमद्याच्या कापडाचंही नाव आहे, शब्द वेगळेच पण स्पेलिंग एक, आणि खुर्चीच्या पायाखाली चिकटवायच्या 'फेल्ट पॅड' चं मशीनने 'वाटलेले पॅड' केलेलं मी एका फर्निचरच्या पत्रकातून काढलंय. तिसरा 'भावना'. जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा थांबून वाक्य मोठ्याने म्हणायचं, शक्यतो घरात कुणीतरी असताना. परवाच्या फाइलीत अकरा निघाल्या. दहा काढल्या, एक राहिली, ती कलम २९९ची होती.